मदत हवी आहे: गारगोटीजवळच्या गावी भावकीचा मेळावा

सप्रेम नमस्कार. भुदरगड तालुक्यात गारगोटीजवळ, वेदगंगेच्या काठी आमचे मूळ गाव असून मुंबई, पुणे आणि बेळगाव येथे विखुरलेल्या भावकीतील साठेक माणसांना येत्या चैत्रात दोन दिवस तेथे एकत्र आणण्याचा विचार आहे. घराचा सोपा ऐसपैस असला तरी माडीची तुळई वाळवीने पोखरलेली असल्याने वर कोणाला झोपवण्याचे धाडस होत नाही. त्यामुळे वयस्कर मंडळींची मुक्कामाची सोय गारगोटीत करावी, की सुमारे ५० किलोमीटरवरील कोल्हापुरात? चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असल्याने तेव्हा शहरात खोल्या मिळणे कठीण, हे आलेच.

मुंबईकर महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी कोल्हापुरात उतरतील. तेथून पुढे एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेण्याचा कोणास अनुभव असल्यास किती दिवस आधी अर्ज करावा लागतो, तेही कळवावे. ग्रामदैवताची ओटी भरण्याच्या दिवशी पुरणपोळी आणि दुसऱ्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा असा बेत आहे (मटणाशिवाय आमचे काका गावाला आल्याचे मानतच नाहीत). दोन्ही स्वयंपाक चुलीवर, घरच्या चवीने करणारा त्या भागातील आचारी कोणी सुचवू शकेल का?