प्रति: यादी क्रमानेच संपवा
बघायच्या अ‍ॅनिमेंची (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांची) यादी "वरून खाली क्रमाने बघा, मधे नवीन घेऊ नका" हे तुमचं म्हणणं ऐकायला बरंय, पण जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असा दर तीन महिन्यांनी नव्या मालिकांचा सीझन येऊन आदळतोच, मग क्रम कसला पाळताय. मी लांबी बघून निवडतो. बारा भागांची सिरीज, भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यातली सुरुवातीची नि शेवटची दीड-दीड मिनिटाची गाणी उडवली की सव्वाचार तासांत खेळ खल्लास. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड-मुंबई जाऊन-येऊन आरामात होते, फक्त आधी डाउनलोड करा, इगतपुरी सोडल्यावर बोगद्यांत रेंज जाते आणि ऐन मारामारीत ते लोडिंगचं चक्र फिरत बसतं. शिपूडेन (त्याचीच पुढची मालिका) धरून ७२० भागांचं नारुतो मात्र फिलर (मूळ कथेत नसलेले भरतीचे भाग) गाळूनच बघा बाबांनो.