भरतीच्या वेळेचे कोड गोल्फ: इनपुट-आउटपुटचे नियम किती सैल ठेवावेत?

प्रश्न (रत्नागिरी)
आमच्या महाविद्यालयात कोड गोल्फची स्पर्धा घ्यायची आहे; सर्वांत कमी बाइटांचा प्रोग्राम जिंकेल. कोडे बंदरावरचे आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता. तिथी ‘अष्टमी’ अशी नावाने द्यावी की 8 असा अंक द्यावा, आणि वेळ 6:00 अशीच छापून घ्यावी का, यावर आमचे एकमत होत नाही. कोणतीही भाषा चालेल, असे आम्ही आधीच जाहीर करून बसलो आहोत.

उत्तर (मालवण)
नावे देऊ नयेत. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. हलन्त आणि वेलांटी धरून ‘अष्टमी’ 6 चिन्हांची, म्हणजे 18 बाइटांची होते, आणि मग सगळी कसरत पंधरा नावे कोंबून बसवण्यातच होईल. अंकही एकाच मार्गाने यावा असा हट्ट नको, कारण पायथनमध्ये ओळ वाचून तिचा पूर्णांक करण्यातच 12 बाइट खर्ची पडतात, तर खास गोल्फसाठी बनवलेल्या काही भाषा इनपुट आपोआप उचलतात. फंक्शनचा आर्ग्युमेंट, कमांड लाइन किंवा स्टँडर्ड इनपुट यांपैकी काहीही चालू द्यावे. अंक व्हेरिएबलमध्ये आधीच भरलेला आहे असे मात्र कोणी गृहीत धरू नये. आउटपुटही मोकळेच ठेवावे.

उत्तर (देवगड)
इनपुटबाबत सहमत आहे, आउटपुटबाबत मुळीच नाही. वेळ कशीही चालेल म्हटले, तर पंचमीला 3.75 हेही उत्तर होते. तीनने गुणा, चारने भागा, संपले, आणि पाच मिनिटांत सगळे बरोबरीत. या कोड्यात खरा कस लागतो तो 3:45 छापणारा प्रोग्राम 6:00 मधली दोन्ही शून्येही छापेल याची सोय करताना, म्हणून तो साचा पक्काच हवा. शेवटी एखादी नवी ओळ आली तर हरकत नसावी. शिवाय ‘सोयीचे इनपुट’ एवढेच लिहिलेत, तर कोणीतरी तिथीऐवजी तिची मिनिटेच मागेल. तेव्हा 1 ते 15 मधला दशमान पूर्णांक, असे स्पष्ट लिहावे. आणि प्रतिपदेला 12:45 छापायचे की 0:45? तेवढ्या एका तिथीसाठी प्रत्येकाला जादा बाइट मोजावे लागतील.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. इनपुट मालवणकरांच्या म्हणण्याप्रमाणे, आउटपुट देवगडकरांच्या. प्रतिपदेला 12:45 ठेवतो. आमच्या बंदरावर शून्य कधी वाजत नाहीत.