लांबच्या पल्ल्याला निघताना ट्रकच्या पेटीत काय काय ठेवता? अनुभव लिहा

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या दारव्ह्याकडून गाठी भरून गाड्या दक्षिणेला निघतात. यंदा माझा धाकटा भाऊ पहिल्यांदाच पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, बंगळूर, सेलम करत कोइमतूरला जाणार आहे. क्लिनरही नवाच. गाडी जुनी, मेकॅनिकल डिझेल पंपाची. यवतमाळ-वणी पट्ट्यात बंद पडली तर ओळखीचा मिस्त्री धावून येतो, निर्मलच्या पुढे कोण येणार? म्हणून दुकानदाराची यादी नको आहे. रस्त्यात कोणत्या वस्तूने तुमची गाडी पुन्हा चालू झाली आणि ते कसं केलंत, ते सविस्तर लिहा. मी त्याला वाचून दाखवणार आहे.

वरूड, संत्र्याची गाडी

डिझेल फिल्टर. दोन्ही, आणि त्यांच्या रबरी रिंगांसकट. बरेठा घाटात माझी गाडी भरल्या लोडाने चढताना दम तोडायला लागली आणि शेवटी बंदच पडली. अनोळखी पंपावर डिझेल भरलं होतं, फिल्टरच्या भांड्यात तळाशी पाणी आणि काळा गाळ निघाला. संत्रा दिल्लीला वेळेवर गेला नाही तर भाव पडतो, त्यामुळे मिस्त्रीची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

भावाला एवढं नक्की शिकवा. नवीन फिल्टर बसवून भांडं स्वच्छ डिझेलने भरायचं. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेलची धार. धार वाहत असतानाच स्क्रू आवळायचा, हात थांबवून नाही. मग गाडीच्या डिझेल पंपावरचा स्क्रू, तीच रीत. एवढं होईपर्यंत स्टार्टर मारायचा नाही, नाहीतर बॅटरी उतरते आणि एकाची दोन कामं होतात.

डिझेलच्या बोल्टाखालचे तांब्याचे वॉशरही घ्या. एकदा दाबले गेलेले वॉशर परत नीट बसतीलच असं नाही आणि तिथूनच पुन्हा हवा ओढली जाते. किंमत चहाएवढीही नाही. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा डबा आणि सुती फडकं, झालं.

घाटंजी

भाऊ, मी जॅकचं सांगतो. जॅक सगळेच नेतात, त्याच्याखालची फळी कोणी नेत नाही. आपल्या इकडची काळी माती पाऊस पडला का लोण्यावाणी होते. पारव्याच्या अलीकडं रात्री मागचं आतलं टायर बसलं, गाडी साइडपट्टीवर. जॅक मारला का गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जाये. माह्याजवळ बाभळीची जाड फळी होती, हातभर लांब. ते खाली टाकली तवा कुठं चाक उचललं. फळी रुंद पायजे, नुसता लाकडी गुटका धसते. गुटके वेगळे ठेवायचे, चाकाले लावाले, दोन तरी.

आणखी एक. काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकाले उलटे आटे असते. नवीन पोराले माहीत नसलं का तो पाइप लावून जोर करते आन् बोल्टच तोडते. जायच्या आधी घरीच दोन्ही बाजूचं एकेक चाक खोलून पाहाले लावा त्याले. स्टेपनीची हवाही तवाच पाहून घ्या. अन् चाक बदललं का पन्नासेक किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे, याले आळस नाही करायचा.

हिंगणघाट

आमच्या घरच्या दोन गाड्या आहेत, पेटी भरायचं काम माझं आणि सासूबाईंचं. फॅन बेल्ट घेताना नुसतं गाडीचं नाव सांगून घेऊ नका. त्याच गाडीत अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर बदललेले असतात, बेल्टचं माप वेगळं निघतं. जुन्या बेल्टच्या पाठीवरचा नंबर वाचून त्याच नंबरचा आणायचा. तो छापा पुसला गेला असेल तर जुना बेल्टच दुकानात न्यायचा. आमच्याकडे असा एक आखूड बेल्ट बरेच दिवस नवाकोरा म्हणून पेटीत पडून होता, मिस्त्रीने बसवून पाहिला तेव्हा कळलं. आता प्रत्येक सुटा भाग एकदा लावून बघितल्याशिवाय पेटीत जात नाही. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवली आहे, वापरलं की तिथेच खूण. रेडिएटरचा वरचा-खालचा होज, म्हणजे रबरी पाइप, आणि चार क्लिपा याच नियमाने.

चंद्रपूर, कोळसा

हिंगणघाटच्या ताईंशी सहमत. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा जुने होज पहिले फुटतात. कूलंट आणि पाण्याचे दोन कॅन वेगळे, पिण्याचं पाणी त्यात धरू नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो. हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

वणी, मिस्त्री

एअर ब्रेकबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. ब्रेकच्या हवेचा नायलॉनचा पाइप घासून फाटला की हवा उतरते आणि स्प्रिंग ब्रेक असलेली गाडी जागच्या जागी जखडते. गाडीत असलेल्या मापाचा थोडा पाइप, जोड आणि धारदार ब्लेड ठेवा. टोक सरळ कापलं तरच जोड हवा धरतो. चाकाजवळच्या ब्रेक चेंबरचा बोल्ट कसून ब्रेक मोकळा करता येतो, पण सगळ्या चाकांना गुटके लावल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. आणि स्प्रिंगचा चेंबर रस्त्यावर कोणीही उघडायचा नाही. आत दाबलेली स्प्रिंग असते, सुटली तर माणूस जातो.

बल्ब आणि रिले २४ व्होल्टचे. कारचा १२ व्होल्टचा बल्ब लावला की लगेच उडतो. फ्यूज ज्या अँपिअरचा असेल त्याच अँपिअरचा, तार गुंडाळायची नाही. गाठी भरलेल्या गाडीत तर अजिबात नाही.

इंजेक्टर, डिझेल पंप असले भाग नेऊ नका, रस्त्यावर ते नीट बसत नाहीत. बीएस-सहाची गाडी असणाऱ्यांनी डीईएफचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचा, सीलबंद कॅन ठेवावा. ते ३२.५ टक्के युरियाचं द्रावण आहे, संपलं की इंजिनची ताकद कमी होते. डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू नका.

पुलगाव

मी जिनिंगवर गाठी भरतो, गाडी चालवत नाही. एक गाठ साधारण १७० किलोची, दाबून बांधलेली. तिला ठिणगी लागली तर आग वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते. तासाभराने पुन्हा पेटते. अग्निशामक सिलिंडर केबिनमध्ये हाताशी ठेवा, गाठींच्या मागे पेटीत नको. धुमसणारी गाठ खाली उतरवून गाडी लांब न्यायची. ताडपत्री शिवायला दाभण, सुतळी आणि एक जादा दोर. स्टोव्ह गाडीपासून लांब पेटवायचा.

दारव्हा, धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाने अंगणात दोन्ही बाजूची चाकं खोलून लावली. डावीकडे खरंच उलटे आटे निघाले. घाटंजीचे भाऊ, फळी चिरायला टाकली आहे. वणीच्या मिस्त्रीदादांना एक विचारायचं होतं, पाइपचे जोड कोणत्या मापाचे घेऊ?

वणी, मिस्त्री

माझ्या अंदाजाने घेऊ नका. भावालाच गाडीखाली जाऊन बघायला सांगा. हवेच्या टाकीपासून चाकापर्यंत एकेक पाइप हाताने चाचपत जायचं, जितक्या जाडीचे पाइप सापडतील त्या प्रत्येकाचे दोन जोड. जिथे पाइप चेसिसला घासून पांढरा पडला असेल तो आत्ताच बदलून टाका, वाटेत फाटायची वाट बघू नका.