रेडिएशननंतर फुफ्फुसात डाग: सूज, संसर्ग की गाठ परत?

प्रश्न
फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी ३० फ्रॅक्शनमध्ये (बैठकांत) ६० ग्रे (रेडिएशन डोसचं एकक) देऊन चार महिने झालेत. नव्या सीटीत गाठीभोवती धुरकट पांढरेपणा आणि मधे घट्ट पट्टा आहे. नेमकं काय ते कसं ओळखायचं?

उत्तर १
आधी डागाची कड बघा. न्यूमोनिया बहुधा फुफ्फुसाच्या खंडाला धरून असतो. किरणांना खंड-बिंड काही नसतं. डाग फिशर (दोन खंडांमधली फट) ओलांडून पलीकडे जातो आणि पट्टी लावून रेघ ओढल्यासारखा थांबतो.

मग तारीख. धुरकटपणा म्हणजे न्यूमोनायटिस (रेडिएशनने आलेली फुफ्फुसाची सूज), तो साधारण १ ते ६ महिन्यांत दिसतो. सहा महिन्यांनंतर फायब्रोसिस (व्रण पडून घट्ट होणं): भाग आकसतो, श्वासनलिका ताणून रुंद होतात. दोनेक वर्षांत हे स्थिरावतं. चौथ्या महिन्यात दोन्ही एकत्र दिसू शकतात.

उत्तर २
सरळ कडेवर फार विसंबू नका. व्हीमॅटमध्ये (यंत्र रुग्णाभोवती फिरत रेडिएशन देतं ती पद्धत) किरण अनेक कोनांतून येतात, कड वाकडीतिकडी होते. रेडिएशनचा प्लॅनच मागवा आणि आयसोडोस रेषा (सारखा डोस मिळालेल्या जागा जोडणाऱ्या) नव्या सीटीवर बसवा. डाग जास्त डोसच्या भागात मावतो का, हे बघायचं. फुफ्फुस आकसल्यामुळे जुळवणी थोडी सरकते, तेवढी सूट द्या.

दुसऱ्या फुफ्फुसातही डाग असतील तर संसर्ग शोधा. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारे उपचार) चालू असेल तर तिचाही न्यूमोनायटिस होतो, आणि तो फील्डच्या (किरण दिलेल्या भागाच्या) बाहेरही पसरतो. खोकला, धाप, ताप असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

उत्तर ३
गाठ परत आल्याची माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण: पट्ट्यातून आरपार दिसणाऱ्या हवेच्या काळ्या नळ्या बुजू लागतात. सपाट किंवा आत वळलेली कड बाहेर फुगते. वर्षानंतरही डाग वाढत असेल तर बायोप्सीचा विचार हवाच.

तुलना फक्त मागच्या स्कॅनशी करू नका. हळू वाढ तिथे हमखास निसटते. उपचारानंतरचा पहिला सीटीही शेजारी लावा. पेट स्कॅनची (जास्त साखर वापरणाऱ्या पेशी चमकवून दाखवणारा) घाई नको. पहिल्या तीन महिन्यांत सूजही चमकते.

प्रश्नकर्ता
एमआरआयमध्ये टी१ वर (एमआरआयच्या चित्राचा एक प्रकार) छातीचे काही मणके जास्त उजळ आहेत. पसरलंय का?

उत्तर २
टी१ वर मेटास्टॅसिस (पसरलेला कॅन्सर) सहसा काळपट दिसतो. रेडिएशनने हाडातली मज्जा जाऊन तिथे चरबी भरते, म्हणून उजळ. उजळपणा फील्डच्या हद्दीवरच तुटतो का ते पाहा; कधी एकाच मणक्याचा वरचा अर्धा उजळ आणि खालचा नेहमीसारखा असतो.