मदत हवी आहे : घरकुलाचा पहिला हप्ता येईपर्यंतचा खर्च पट्टाधारक कुटुंबांनी कसा उभा करावा? (नागपूर)

वस्ती समिती, दक्षिण नागपूर

नमस्कार,

दक्षिण नागपुरातील एका जुन्या वस्तीत रहिवासी समितीचे कागदोपत्री काम मी पाहते आणि त्याच कामातील एका अडचणीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. वस्ती शासकीय जागेवर आहे. पट्टेवाटपात बहुतेक कुटुंबांना पती-पत्नीच्या संयुक्त नावाने पट्टे (राहत्या जागेचे भाडेपट्टा करार) मिळाले, त्यांची नोंदणीही झाली, आणि आता प्रधानमंत्री आवास योजनेच्या ‘लाभार्थीने स्वतः घर बांधणे’ या घटकाखाली अर्ज करण्याची तयारी सुरू आहे. कागदपत्रे जवळपास पूर्ण आहेत. अडले आहे ते पैसा कधी हाती येतो, यावर.

शहरी योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला या घटकाखाली केंद्राकडून दीड लाख आणि राज्याकडून एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. ही रक्कम एकदम मिळत नाही. काम ठरावीक टप्प्यावर पोहोचले की छायाचित्रासह जिओ टॅगिंग (जागेच्या नेमक्या स्थानाची डिजिटल नोंद) होते आणि तपासणी झाल्यावर हप्ता खात्यात जमा होतो. सार्वजनिक पैशावर अशी देखरेख असलीच पाहिजे, याबद्दल आमच्यापैकी कोणाचेही दुमत नाही. परंतु या पद्धतीत पहिला खर्च कुटुंबाने स्वतः करायचा असतो, आणि ज्याच्याकडे तो करण्याइतकी शिल्लक आहे त्याला घरकुलाची गरज सर्वांत कमी असते.

एका घराचे उदाहरण देते. घरातील ताई अजनी आणि धंतोलीत स्वयंपाकाची कामे करतात, त्यांचे पती गवंड्याच्या हाताखाली जातात. भिंती अर्ध्या विटांच्या व अर्ध्या पत्र्याच्या आहेत, आणि छताचे पत्रे वादळात उडू नयेत म्हणून त्यांवर विटा रचून ठेवल्या आहेत. जमीन काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि भिंतीला तडे जातात. त्यामुळे मिस्त्री सांगतात की मुरूम लागेपर्यंत खोदून कॉलम घेतल्याशिवाय आणि जोत्याला बीम दिल्याशिवाय पक्के घर टिकणार नाही. ३० चौरस मीटरच्या घरासाठी त्यांनी साधारण साडेपाच लाखांचा अंदाज दिला असून त्यातील मोठा भाग जोत्यापर्यंतच, म्हणजे डोळ्यांना काही दिसण्याआधीच, जमिनीखाली जाणार आहे. शिवाय जुने घर उतरवल्यावर काम पूर्ण होईपर्यंत भाड्याने खोली घ्यावी लागेल, आणि त्या भाड्याचा विचार कोणत्याही अनुदानात झालेला नाही.

बँकेत चौकशी केली, तेव्हा पगारपत्रक नसल्याचे आणि पट्ट्याची जागा परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नसल्याचे कारण मिळाले. याच योजनेच्या व्याज अनुदानाच्या घटकात गृहकर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये मिळतात हे खरे आहे, पण त्यासाठी आधी कर्ज मंजूर व्हावे लागते आणि एका कुटुंबाला एकाच घटकाचा लाभ घेता येतो. वाठोडा किंवा तरोडी येथील प्रधानमंत्री आवास योजनेच्या सदनिका घ्याव्यात, असेही काही जण सुचवतात. ज्यांना ते सोयीचे असेल त्यांनी जरूर घ्याव्यात. मात्र पहाटे कामावर पोहोचणाऱ्या बायकांचा रोजगार इथल्या चालत जाण्याच्या अंतरात आहे, आणि इतक्या वर्षांनी नावावर झालेली जागा सोडण्यास कोणी तयार नाही.

धोरणाविषयी एक गोष्ट इथे बोलावीशी वाटते. परवडणारी घरे बांधणाऱ्या विकासकांसाठी शासनाने बरेच काही केले आहे : २०१७ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला, ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या नफ्यावर आयकर कायद्याच्या कलम ८०-आयबीएखाली पूर्ण वजावट मिळाली, आणि परवडणाऱ्या घरावर ग्राहकाला १ टक्काच जीएसटी लागतो. स्वतःचे घर स्वतः बांधणारी बाई मात्र सिमेंटच्या प्रत्येक गोणीवर सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के आणि त्यानंतर १८ टक्के कर भरते. मोठ्या प्रकल्पांना सवलती द्याव्यात, पण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जपले जाणारे घर हेच असताना त्याच्या सुरुवातीसाठी काहीच हाती नसावे, हे मला न्याय्य वाटत नाही.

जोत्यापर्यंतचा खर्च उभा करण्यासाठी शासनाचाच एखादा मार्ग आहे का? पट्ट्यावर कर्ज मिळवलेल्यांनी ते कोणत्या आधारावर मिळवले? अन्यथा आठवड्याच्या हप्त्याचे खासगी कर्ज घेतले जाईल आणि अनुदानातला बराच भाग व्याजात जाईल, ही भीती आहे.

बांधकाम सल्लागार

ताई, तुमच्या उदाहरणातील पती गवंड्याच्या हाताखाली काम करतात, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, ते आधी पाहा. वय १८ ते ६० आणि मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचे प्रमाणपत्र असेल तर नोंदणी होते. मंडळाची अटल बांधकाम कामगार आवास योजना आहे, आणि तिच्या शहरी भागात २ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य आहे. तुमच्या वस्तीत मिस्त्री, मजूर आणि रेजा (बांधकामावरील मजूर बाई) म्हणून काम करणारे निश्चितच बरेच असतील, आणि माझा अनुभव असा की त्यांतील निम्म्यांचे कार्ड एकतर काढलेलेच नसते किंवा नूतनीकरणाअभावी बंद पडलेले असते. बायकांचीही नोंदणी स्वतंत्रपणे करून घ्या.

कर्जाबाबत सांगायचे तर, अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जासाठी केंद्राचा पतजोखीम हमी निधी आहे. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात त्याची रक्कम १,००० कोटींवरून ३,००० कोटी रुपये करण्यात आली. कर्ज बुडाल्यास बँकेचे नुकसान काही अंशी भरून निघावे, हा त्याचा हेतू आहे. शाखेत जाताना या हमीविषयी लेखी विचारणा करा, कारण तोंडी विचारले की बहुधा तोंडीच नकार मिळतो. त्याआधी पट्ट्याच्या करारातील गहाणासंबंधीचे कलम नीट वाचा. गृहकर्जासाठी गहाण ठेवण्यास जागेच्या मालक प्राधिकरणाची ना-हरकत चालणार असेल, तर ती एकेका कुटुंबाने मागण्यापेक्षा समितीने सर्वांची यादी जोडून एकत्र मागावी.

वाळूचेही पाहा. राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणानुसार घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य मिळते. जोत्याच्या आणि कॉलमच्या टप्प्यावर तेवढ्याने हात बराच मोकळा होतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना वेगळी आहे. प्रधानमंत्री आवास आणि रमाई यांपैकी कोणती कोणाला सोयीची, हे अर्ज करण्यापूर्वी ठरवा.

आणि काळ्या मातीबद्दल तुमच्या मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. तिथे काटकसर करू नका. काटकसर करायचीच असेल तर शेजारशेजारची चार घरे एकाच वेळी सुरू करा : खोदकामाचे यंत्र एकदाच येते, सेंट्रिंगचे साहित्य एका घरावरून दुसऱ्यावर फिरते आणि लोखंड-सिमेंटच्या दुकानदाराशी उधारीचे बोलणे समिती म्हणून करता येते.

माजी लाभार्थी, उत्तर नागपूर

एक सूचना. मंजुरी आणि कामास सुरुवात करण्याचे पत्र हाती येण्यापूर्वी जुने घर कोणीही उतरवू नये. पहिले जिओ टॅगिंग काम सुरू होण्याआधीच्या स्थितीचे असते. आमच्या गल्लीत एकाने मुहूर्त साधण्यासाठी आधीच खोदकाम केले, आणि त्याची फाईल खुलाशांत अडकली. पावसाळ्याच्या तोंडावर मंजुरी आली तर दसऱ्यापर्यंत थांबावे. काळ्या मातीत पावसाळी खोदकाम म्हणजे पाणी उपसण्यातच मजुरी जाते.

वस्ती समिती, दक्षिण नागपूर

दोघांचेही मनापासून आभार. बांधकाम कामगारांच्या नोंदणीचा मुद्दा आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. येत्या रविवारी बुद्धविहारात सर्वांची कार्डे तपासून बंद पडलेल्यांची यादी करत आहोत. चार घरांचा पहिला गट ठरवताना ज्यांचे छत यंदाच्या पावसात टिकणार नाही अशांना आधी घ्यावे, असे सुचवणार आहे, जरी त्यांच्याकडे पैसा सर्वांत कमी असला तरी.

करार पुन्हा वाचला. गहाणाचे कलम आहे आणि त्यात पूर्वपरवानगीची अट घातलेली आहे, म्हणजे सरसकट मनाई नाही. त्यामुळे एकत्रित ना-हरकतीचा अर्ज लिहायला घेतला आहे. असा अर्ज कोणी केला असल्यास त्यात कर्जाची रक्कम आधी नमूद करावी लागते की बँकेचे तत्त्वतः मंजुरीपत्र जोडावे लागते, ते कृपया सांगावे. दुसरे असे की पहिल्या गटातील एका घरी पती हयात नाहीत आणि पट्टा अजून दोघांच्या नावावर आहे. वारस नोंद पूर्ण होईपर्यंत त्यांचा अर्ज थांबवावा लागेल, की नोंदीसाठी केलेल्या अर्जाची पोच जोडून तो इतरांबरोबर पुढे पाठवता येईल?