मदत हवी आहे: सड्यावरच्या डबक्यातलं हे दोन तुऱ्यांचं झाड कोणतं?

नमस्कार. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, आमच्या चुलत्यांची थोडी जमीन आहे. तिथे जांभ्या खडकाच्या खोलगटीत पावसाळाभर गुडघ्याच्या खाली पाणी राहतं. गेल्या रविवारी गेलो तर ते डबकं फुलांनी भरलेलं. धुक्यामुळे फोटो धड आले नाहीत, म्हणून वर्णन देतो.

देठ पाण्यातून सरळ वर येतो आणि टोकाला त्याला बेचक्यासारखे दोन तुरे फुटतात. दोन्ही तुऱ्यांवर जांभळट गुलाबी, अगदी बारीक फुलं दाटीनं बसलेली. पानं लांबट आणि उभी, पाण्यावर तरंगणारी नाहीत. उपटलं नाही, पण चिखलात हात घालून चाचपलं तर बुडाशी लहानशी गाठ लागली.

कासची कुमुदिनी मी ओळखतो. तिची पानं गोल, तरंगणारी, फुलं पांढरी झालरीची. ती ही नव्हे. एकाने पाणकांदा सांगितला, पण त्याची फुलं पांढरी आणि चांगली मोठी असतात.

दिवाळीनंतर चुलते तिथे मुरूम टाकून गाडी वळवायला जागा करणार आहेत. त्यांना नुसतं 'नका करू' म्हटलं तर ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं? निदान नाव तरी सांगता यायला हवं.

प्रतिसाद: दोन्ही तुरे एकाच जागेतून फुटत असतील तर हा वायतुरा. शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. नावातच सातारा आहे! याच्याच एका भाऊबंदाची पानं पाण्यावर तरंगतात आणि तुरा एकच असतो, त्यामुळे तुमची दोन्ही निरीक्षणं कामाची आहेत. हा फक्त आपल्या सह्याद्रीतला, बाहेर कुठेच नाही. याच्यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, म्हणून डबक्यातला थोडा भाग राखून भागत नाही, दोन्ही राहिली तरच बी धरतं.

आणि चुलत्यांना आत्ताच घेऊन जा. पाणी आटलं की पानं जातात, कंद तेवढा सुकलेल्या मातीत पडून राहतो. दिवाळीनंतर तिथे नुसता खड्डा दिसेल. मोकळी जागा समजून माणूस मुरूम टाकणारच.

धागाकर्ता: मनापासून आभार. काल चुलत्यांना, आमच्या आबांना, घेऊन गेलो. म्हणाले, "हे दरसाल येतंय की, आम्ही गवत समजत होतो." साताऱ्याचं नाव आहे म्हटल्यावर वाकून बराच वेळ बघत होते. गाडीची जागा वरच्या अंगाला घ्यायला तयार झालेत. डबक्याभोवती दगड मांडून खूण केली. वरच्या बाजूला मुरूम टाकला तर चालेल ना?

प्रतिसाद: डबक्याला पाणी कुठून येतं ते भर पावसात उभं राहून बघा. वरूनच येत असेल तर मुरूम पाण्याबरोबर खाली येऊन गाळ साचेल. खालच्या अंगाला, पाणी बाहेर पडतं त्या वाटेपासून दूर जागा मिळाली तर ती घ्या.