पिक अप म्हणजे नक्की किती अर्थ? काल मोठा घोळ झाला

पॅकहाऊसवाला_पिंपळगाव:
मंडळी, इंग्रजीवाल्यांनी जरा मदत करा. मी पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षाच्या पॅकहाऊसला डिस्पॅच बघतो, माल न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जातो. काल तिकडच्या पार्टीचा मेल आला, 'डिमांड हॅजन्ट पिक्ड अप येट, प्लीज होल्ड द सेकंड कंटेनर'. मी घाईत पिक्ड अप आणि कंटेनर एवढंच वाचलं, वाटलं कंटेनर अजून उचलला नाही म्हणून बोंब मारतायत, लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला झापला आणि गाडी बोलावली. गाडी दारात उभी आणि आमचे साहेब मेल वाचून कपाळाला हात लावून बसलेले. आपल्याकडे पिकअप म्हणजे लासलगावला कांदा घेऊन जाते ती गाडी ना, हे डिमांडचं काय पिक अप होतं?

सातपूरची_ताई:
अहो दादा, 'उचलणे' धरून चला, निम्मं काम तिथेच होतं. फोन उचलला, पिक्ड अप द फोन. पोलिसांनी उचलला, द पोलीस पिक्ड हिम अप. आमच्या पोराने शेजारच्यांकडे खेळून खेळून गुजराती उचलली, ही पिक्ड अप गुजराती, म्हणजे शिकवणी न लावता नुसती कानावर पडून आलेली. आणि कांद्याच्या भावाने उचल खाल्ली म्हणतो ना आपण (मजुरांना देतो ती उचल वेगळी हं), तेच तुमच्या मेलमधलं. मागणीने अजून उचल खाल्ली नाही, दुसरा कंटेनर थांबवा, एवढंच म्हणत होता बिचारा. पिक अपच्या पुढे वस्तू किंवा माणूस नसेल आणि आधी सेल्स, डिमांड, बिझनेस, वारा असलं काही असेल तर समजायचं की जोर धरतंय.

पंचवटी_अपडाऊन:
ताई, 'ही इजन्ट पिकिंग अप' मध्ये पण पुढे काही नाही, पण ते फोन उचलत नाहीये असं असतं. आणि उचलणे सगळीकडे चालवू नका हो, 'आय विल पिक यू अप फ्रॉम नाशिक रोड' म्हणजे मी तुला स्टेशनवर घ्यायला येतो, उचलायला येतो म्हणालात तर माणूस देवळालीलाच उतरून पळेल 😄 गाडी कसारा घाट उतरली की वेग धरते, तेही पिक्स अप स्पीड. मी नवीन असताना साहेबांना मेसेज टाकलेला, 'प्लीज पिक अप मी', ऑफिसात आठवडाभर हसत होते. मी, हिम, इट असलं छोटं सर्वनाम मधेच बसवायचं, पिक मी अप, पिक इट अप. बॅग असेल तर पिक अप द बॅग किंवा पिक द बॅग अप, दोन्ही चालतं.

गंगापूररोड_टीचर:
वरचं बरोबर आहे. फक्त शेपूट बदललं की अर्थ बदलतो, पिक ऑन म्हणजे एखाद्याच्या मागे लागून त्याला छळणं, आणि पिक अप ऑन म्हणजे कोणी न सांगता एखादी गोष्ट लक्षात येणं. एका पालकांनी चिठ्ठीत लिहिलं, मुलं माझ्या मुलाला पिक अप करतात. मी दोन दिवस समजत होते की रिक्षाची काहीतरी तक्रार आहे, पोरगं बिचारं रोज रडत होतं. आणि तुमची कांद्याची गाडी बोलताना जोर 'पिक'वर, लिहिताना एक शब्द. क्रियापद असलं की जोर 'अप'वर आणि शब्द दोन.

पंचवटी_अपडाऊन:
हॉटेलचं बिल आपण भरलं तरी पिक्ड अप द बिल म्हणतात, ते राहिलंच.

पॅकहाऊसवाला_पिंपळगाव:
ते बरं सांगितलंत. ट्रान्सपोर्टवाला रिकाम्या फेरीचे पैसे मागतोय आणि साहेब म्हणतात, तूच पिक अप कर.